२००८ ची पिकअप: कमानीत जड पाटे टाकू का? आधी काय हातात घेऊ?

पांदणवाला (आर्णी, यवतमाळ)

नमस्कार मंडळी. घरी २००८ ची पिकअप आहे, एमएच २९ पासिंग, जुनं डीआय टर्बो इंजिन, साध्या पंपाचं. बाबांनी घेतली तेव्हा मी दहावीत होतो. आता मीच चालवतो. किलोमीटरचं मीटर दोन लाख चाळीस हजारांवर थांबलं, त्यालाही तीन वर्षं झाली.

काम म्हणाल तर दिवाळीनंतर जिनिंगला कापूस, त्याआधी मार्केटला सोयाबीन, जूनच्या तोंडावर खताच्या बॅगा, मधल्या काळात शेणखत, कुटार, पऱ्हाट्या. गावात रात्रीबेरात्री कुणाला जास्त झालं तर यवतमाळला न्यायला हीच गाडी निघते. माझ्या मोठ्या मुलीच्या वेळी बायकोला हिच्यातच नेलं होतं. म्हणून विकायचा विषय घरात कुणी काढत नाही.

आता दुखणं सांगतो. गाडी मागून बसली आहे. सपाट जागी रिकामी उभी केली तरी डावी बाजू दोन बोटं खाली दिसते. माल भरला की कमानीचे पाटे (मागच्या स्प्रिंगच्या एकावर एक पट्ट्या) सरळ होऊन उलटे वाकतात आणि पांदणीच्या प्रत्येक खड्ड्यात ॲक्सल रबरावर आपटतो. ब्रेकचा पेडल पहिल्या दाबाला अर्ध्याच्या खाली जातो, दुसऱ्या दाबाला वर येतो. उन्हात चढावर गरम होते. रात्री हेडलाइटचा उजेड असा की समोरून येणाऱ्या बैलबंडीचा बैल आधी दिसत नाही, त्याचे डोळे चमकतात तेव्हा कळतं.

पेरणीआधी महिनाभर हात मोकळा आहे. चाळीस हजारांपर्यंत खर्च करू शकतो. कोठ्यासमोर निंबाच्या झाडाखाली जागा आहे, विहिरीतली मोटर काढायची चेनपुली आहे, पाने-सॉकेट बऱ्यापैकी आहेत. शेजाऱ्याकडे वेल्डिंग मशीन आहे. क्लच प्लेट मी दोन वर्षांपूर्वी घरीच बदलली, तेव्हा नट-बोल्टाची भीती नाही.

गावातला सल्ला असा: दोन्ही बाजूंना दोन-दोन जड पाटे वाढव म्हणजे वीस क्विंटल कापूस आरामात येईल, थर्मोस्टॅट (पाणी तापलं की रेडिएटरकडे सोडणारी झडप) काढून फेक, हेडलाइटला शंभर वॅटचे बल्ब लाव. तिन्ही कामं स्वस्त आहेत. करू का?

घोडीवाला (कारंजा लाड)

भाऊ, वयाने लहान आहेस म्हणून अरे-तुरे करतो. तीस वर्षं गॅरेज चालवलं, आता मुलगा बघतो. तिन्ही कामं करू नकोस. पण त्याच्याही आधी एक सांगतो, आज एक पानाही हातात धरू नकोस. पहिले गाडी धू.

वरून नाही, खालून. विहिरीवरच्या मोटरचा पाइप घे आणि चेसीच्या आतल्या खोबणीत पाणी मार, दोन तास लागले तरी चालेल. आपली काळी माती ओल धरून ठेवते. बाहेर मे महिन्याचं ऊन असलं तरी चेसीच्या कोपऱ्यात बसलेलं ढेकूळ आतून ओलंच सापडतं, आणि त्याच्या मागचा पत्रा सडत असतो. त्यात तू खत वाहतोस. फाटलेल्या बॅगेतून सांडलेलं खत ओलावा ओढून घेतं, त्याचा क्षार डाल्याच्या फळीतून खाली चेसीवर उतरतो आणि लोखंड खातो. युरिया, पोटॅश वाहणाऱ्या गाड्यांचा डाला मागच्या चाकांच्या वर आधी सडतो, हे मी किती गाड्यांना पाहिलं.

धुऊन वाळली की छोटी हातोडी घे आणि चेसी वाजवत जा. चांगलं लोखंड खणखणतं. सडलेलं बदबद वाजतं. मागच्या कमानीचे हँगर (कमान चेसीला धरणारे लोखंडी आधार) जिथे रिव्हेट केलेले आहेत तिथे, केबिनच्या मागे, आणि आडव्या मेंबरच्या जोडावर वायर ब्रशने घासून डोळे लावून बघ. केसासारखी काळी रेघ दिसली, तिच्या कडेने तांबूस पूड आलेली असेल, तर ती चीर आहे. डावी बाजू खाली बसली म्हणतोस ना, मला पाट्यापेक्षा डाव्या हँगरची काळजी वाटते.

आता जड पाट्यांचं. गाडीखाली मागच्या ॲक्सलपासून चेसीवरच्या एका व्हॉल्व्हला गेलेली बारीक दांडी दिसते का बघ. बऱ्याच पिकअपला असते. माल चढला की चेसी खाली येते, दांडी हलते, व्हॉल्व्ह उघडतो आणि मागच्या ब्रेकला प्रेशर जास्त जातं. गाडी रिकामी असली की तोच व्हॉल्व्ह प्रेशर कमी करतो, कारण हलकं मागचं चाक लगेच जाम होतं आणि गाडी रस्त्यावर फिरते. तू जड पाटे टाकलेस की वीस क्विंटल भरूनही मागचा भाग उंचच राहणार. व्हॉल्व्हच्या हिशेबाने गाडी रिकामी. म्हणजे वजन भरल्या गाडीचं आणि मागचा ब्रेक रिकाम्या गाडीचा. सगळा भार पुढच्या डिस्कवर येतो, त्या तापतात, आणि उतारावर पेडल मऊ लागायला लागतो. पाटे टाकणारा माणूस हे सांगत नाही, बहुतेक वेळा त्यालाच ठाऊक नसतं. काही जण ती दांडी तारेने वर बांधून टाकतात. मग रिकामी गाडी पावसात ब्रेक मारला की आडवी होते.

पाटा जड झाला म्हणून चेसी जड होत नाही. ॲक्सल तोच, बेअरिंग तेच, टायर तेच. पाटा वाकायचा तो धक्का आता चेसीत जाणार.

तेव्हा आहेत तेवढेच पाटे ठेव. कमान पूर्ण उतरव, पाटे सुटे करून धू. कानाचा पाटा (टोकं गोल वळलेला, सगळ्यात वरचा) आणि त्याखालचा दुसरा नवीन घे. भट्टीवर लाल करून वाकवून देतो म्हणणारे भेटतील. पाट्याचं स्प्रिंग स्टील असतं, लाल करून नुसतं वाकवलं आणि नीट पाणी दिलं नाही तर ते मऊ पडतं, सहा महिन्यांत कमान पुन्हा बसते. पाट्यांच्या मधोमध जाणारा सेंटर बोल्ट नवा, कमान ॲक्सलला आवळणारे यू बोल्ट नवे, शॅकलचे (कमानीच्या टोकाच्या हलत्या कडीचे) बुश नवे. यू बोल्ट एकदा ताणले की पुन्हा तसे धरत नाहीत. आणि बसवल्यावर दोन-तीनशे किलोमीटर चालली की माल भरून पुन्हा आवळायचे. हे शेवटचं काम सगळे विसरतात. ढिल्या यू बोल्टने सेंटर बोल्ट कापला जातो, ॲक्सल मागे सरकतो आणि गाडी खेकड्यासारखी तिरकी चालते.

आता माझ्या डोळ्यासमोरची गोष्ट. माझी स्वतःचीच. गॅरेजचं दुसरं वर्ष, एका शेतकऱ्याच्या धुऱ्यावर गाडी अडकली होती. काळ्या जमिनीत जॅक लावून मी खाली हात घातला. जमीन वरून टणक होती, खालून ओली. जॅक आवाज न करता एका बाजूने आत गेला. ड्रम आणि बॅकप्लेटच्या मध्ये माझा डावा हात होता. दोन बोटं आजही पूर्ण मिटत नाहीत. तेव्हापासून घोडीशिवाय (गाडीला खालून टेका देणाऱ्या लोखंडी स्टँडशिवाय) गाडीखाली जाणाऱ्याला मी पाना देत नाही. घोडीखाली बाभळीची जाड फळी टाक, दीड फूट तरी रुंद. विटा रचू नकोस. वीट सूचना देऊन फुटत नाही.

खारपाण (दर्यापूर)

भाऊ, मी पूर्णेच्या खोऱ्यातला. आमच्या इकडलं पानी कसं हाय तुमाले मालूम असन. बोअरचं पानी तोंडात घेतलं का थुकाव लागते. तेच पानी आमी इतके वर्स रेडिएटरात ओतलं. मागच्या साली रेडिएटर खोलला तं अर्ध्या नया पांढऱ्या क्षारानं बुजलेल्या. चहाच्या जुन्या भांड्याले आतून थर बसते ना, तसाच.

थर्मोस्टॅट काढजो नका. मी काढून दोन उन्हाये गाडी चालवली. हिवायात काटा वरतं येतच नोता, डिझल जास्त लागे, अन मे मईन्यात तरी गरम होयेच. मंग एका जुन्या मिस्त्रीनं समजून सांगतलं. थर्मोस्टॅट नुसता दरवाजा नाई. बऱ्याच इंजिनात तो पूर्न उघडला का बायपासचं तोंड बी बंद करते. काढून टाकला का बायपास उघडाच राह्यते, अन गरम पानी रेडिएटरात न जाता तिकडूनच पुन्हा इंजिनात फिरते. म्हंजे थंड कराले काढला अन गरमच ठेवला.

नवा घ्यायच्या आधी जुना तपासून पाहा. घरी गंजात पानी ठेवलं चुलीवर, थर्मोस्टॅट दोरीनं लोंबता सोडला, सोबत थर्मामीटर. माह्यावर ८२ लिवलेलं होतं. पानी उकयाले लागलं तरी तो उघडला नाई. तोच मेलेला होता.

अन रेडिएटरचं झाकन बदला, हे सगळ्यात स्वस्त काम हाय. झाकनावर ०.९ असं काई लिवलेलं असते, तेवढा दाब ते धरते. दाबात पानी ११८ अंशापर्यंत उकयत नाई. झाकनाचं रबर गेलं का शंभरलेच उकयते, अन चढावर तुमची गाडी शंभरपाशीच असते. आमच्या अकोल्यात सावलीत ४५ असते तवा हा अठरा अंशाचा फरक लय मोठा. गरम गाडीचं झाकन मात्र उघडजो नका, आमच्या गावात एकाचं तोंड भाजलं.

पानी बॅटरीवाल्याकडचं डिस्टिल्ड घ्या, निम्म्याले निम्मं कूलंट टाका. पंख्याचा क्लच बी पाहा. गाडी गरम असतानी बंद करा अन पंखा हातानं फिरवा. जड फिरला पाह्यजे. भिंगरीसारखा फिरला तं त्यातलं सिलिकॉन तेल गेलं.

वायरमन (हिंगणघाट)

शंभर वॅटचे बल्ब लावू नका. मी रोज जळालेले होल्डर आणि वितळलेले स्विच बदलतो.

बल्ब ६०/५५ चाच ठेवा. बल्बपर्यंत व्होल्टेज पोचत नाही हे तुमचं खरं दुखणं. इंजिन चालू ठेवून बॅटरीवर मोजा, १३.८ ते १४.४ हवं. मग हेडलाइट लावून बल्बच्या पिनेवर मोजा. जुन्या गाडीत तिथे बारा, कधी साडेअकरासुद्धा येतं, कारण सगळा करंट स्टिअरिंगजवळच्या स्विचमधून आणि गंजलेल्या जोडांतून फिरून येतो. व्होल्टेज दहा टक्के पडलं तरी हॅलोजनचा उजेड जवळपास तिसऱ्या हिश्श्याने कमी होतो. दोन रिले (थोड्या करंटवर चालून मोठा करंट जोडणारे स्विच) घ्या, बॅटरीवरून फ्यूज टाकून जाड वायर थेट पुढे न्या, स्विचला फक्त रिले चालवू द्या. अर्थिंगची वायर पत्र्यावर लागते ती जागा घासून चकचकीत करा, नवा बोल्ट लावा, वरून ग्रीस. अर्ध्या दिवसाचं काम आहे आणि बैलबंडी लांबून दिसेल.

सोनेगाव_ट्रान्सपोर्ट

मी चार वर्षांपासून जड पाटे टाकून चालवतो. बावीस-तेवीस क्विंटल नेतो. काही झालं नाही. उगाच घाबरवू नका.

घोडीवाला (कारंजा लाड)

भाऊ, तुमच्याशी भांडण नाही, पोटासाठीच चालवता. पण एकदा भरल्या गाडीने, मोकळ्या सपाट रस्त्यावर, ४० च्या वेगाने ब्रेक मारून मागच्या ड्रमला लांबूनच हात दाखवा. पुढचं चाक भट्टी झालेलं असेल आणि मागचा ड्रम कोमट. तेवढं बघा आणि मग ठरवा. आरसीवर माल किती लिहिलाय तेही एकदा वाचा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात कलम ५२ आहे, आरसीत लिहिलेल्यापेक्षा वेगळी गाडी करायला परवानगी नाही. आठ वर्षांवरच्या मालगाडीला दर वर्षी फिटनेसला उभं राहावं लागतं, तिथेही प्रश्न येतो. आणि जे काही होईल ते फक्त तुमच्या गाडीचं होणार नाही.

पांदणवाला (आर्णी, यवतमाळ)

तीन आठवड्यांनी लिहितोय. काका, तुम्ही सांगितलं म्हणून आधी धुतली.

मागच्या दोन चाकांच्या वरून चेसीच्या आतून चार टोपली माती निघाली. त्यात सोयाबीनचे दाणे होते, कुजलेली कापसाची सरकी होती, आणि एक बारीक रोप उगवलेलं होतं. दुसऱ्या दिवशी हातोडी घेऊन बसलो. उजवी बाजू पूर्ण खणखणीत. डाव्या कमानीच्या मागच्या हँगरपाशी आवाज बदलला. ब्रशने घासलं तर वरच्या रिव्हेटपासून खाली पाच बोटं लांब रेघ, अगदी सरळ नाही, नदीच्या पात्रासारखी वळलेली. सुपारीच्या अडकित्त्याचं टोक तिच्यात गेलं. बाबा शेजारी उभे होते. ते काही बोलले नाहीत, खाली बसून त्यांनी त्या चिरेवर बोट फिरवलं. ह्याच गाडीत मार्चमध्ये आम्ही अठरा क्विंटल कापूस घेऊन हायवेला होतो.

चेसीचं वेल्डिंग मी घरी केलं नाही. शेजाऱ्याचं मशीन गेट-खिडक्यांसाठी ठीक आहे. यवतमाळला ट्रकच्या बॉडीचं काम करणाऱ्याकडे गाडी रिकामी, हळूहळू नेली. त्याने बॅटरीची वायर काढली, चिरेच्या दोन्ही टोकांना भोक पाडलं म्हणजे ती पुढे सरकू नये, खोबण करून वेल्ड भरला, आणि वरून आठ एमएमची पट्टी लावली. पट्टीची टोकं त्याने चौकोनी ठेवली नाहीत, पतंगासारखी निमुळती कापली. विचारलं तर म्हणाला, सरळ टोक ठेवलं तर पुढच्या वर्षी बरोबर त्या टोकापाशी नवी चीर येईल. हँगर नवा. त्याचे बारा हजार झाले, आणि मला ते एकाही रुपयाने जास्त वाटले नाहीत.

जड पाटे टाकले नाहीत. कानाचे दोन आणि खालचे दोन पाटे नवे, बाकी धुऊन ग्राफाइट ग्रीस लावून बसवले. बुश, यू बोल्ट सगळे नवे. आता दोन्ही बाजूंची उंची टेपने मोजली तर सारखी आहे. हेडलाइटला रिले टाकले, आधी पिनेवर ११.७ येत होतं, आता १३.५. दर्यापूरच्या भाऊंचं झाकण आणि थर्मोस्टॅट दोन्ही बदलले. आमचाही अर्धाच उघडत होता.

एक अडकलंय. मागचे दोन्ही व्हील सिलिंडर (चाकातला ब्रेक दाबणारे) गळत होते, ते बदलले. नवं ब्रेक ऑइल टाकून तीन वेळा हवा काढली. मास्टर सिलिंडरपासून लांबचं चाक आधी, बरोबर क्रमाने. बायको पेडल दाबते, मी खाली नळीतून बघतो. पुढून स्वच्छ धार येते. मागून मात्र थेंब-थेंब, आणि पेडल स्पंजासारखा. नवीन पार्ट खराब असतील का?

घोडीवाला (कारंजा लाड)

घोड्या कुठे लावल्या आहेस? चेसीखाली लावल्या असशील तर ॲक्सल खाली लोंबतोय. मग ती दांडी व्हॉल्व्हला सांगतेय की गाडी एकदम रिकामी आहे, आणि त्याने मागची वाट जवळजवळ बंद केली आहे. ऑइल येणार कुठून? घोड्या काढून ॲक्सलखाली लाव, गाडीचं वजन कमानीवर बसू दे, डाल्यात पाच-सहा खताच्या बॅगा टाक आणि पुन्हा हवा काढ. आणि नवे पाटे बसले आहेत, उंची बदलली असेल. त्या दांडीचं सेटिंग मॅन्युअलमधल्या मापाने एकदा कुणा जाणकाराकडून जुळवून घे, अंदाजाने फिरवू नकोस.

पांदणवाला (आर्णी, यवतमाळ)

काका, चेसीखालीच होत्या.

सहा वाजता घोड्या ॲक्सलखाली घेतल्या, सहा बॅगा टाकल्या. पहिल्याच दाबाला मागच्या नळीतून फस्स करून हवा आली, मग तपकिरी घाण, मग स्वच्छ धार. चौथ्या वेळी बायको वरून म्हणाली, "आता खाली जात नाही हो." पेडल बोटभर गेला की दगडासारखा लागतो.

दांडीचं सेटिंग उद्या यवतमाळला करून घेतो. यू बोल्ट आवळायची तारीख बाबांनी कोठ्याच्या दारावर खडूने लिहून ठेवली आहे.